गाडीत काही प्रॉब्लेम नाही

आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात एक तरी वस्तू अशी असते, जी काहीतरी बिघडलंय म्हणून सांगत असते आणि आपण तिच्याकडे काणाडोळा करत असतो. थापटल्याशिवाय न लागणारा दिवा. ओल्या हातानं शिवलं की झिणझिण्या आणणारा फ्रिज. कुणी पाहुणा आला तर आपण हसून सांगतो, "जरा जपून हं, त्याची एक गंमत आहे," आणि आपल्यापुरता विषय मिटतो.

चष्मेवाल्यांच्या गाडीचीही अशीच एक गंमत होती.

चष्मेवाले म्हणजे बाजारातल्या कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानाचे मालक. माणूस सरळ, हसतमुख, गिऱ्हाइकाशी गोड बोलणारा. गाडी त्यांनी जुनीच घेतली होती, त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बँकवाल्या साहेबांकडून. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी हायब्रीड गाडी. रंग झकास, आतल्या सीटा नव्यासारख्या. किल्ली हातात देताना बँकवाले छातीठोकपणे म्हणाले होते, "अगदी डोळे झाकून घ्या. गाडीत काही प्रॉब्लेम नाही."

आयुष्यभर दुसऱ्यांचे डोळे तपासणाऱ्या चष्मेवाल्यांनी खरोखरच डोळे झाकून गाडी घेतली.

थोड्याच दिवसांत स्टिअरिंगच्या मागच्या पट्टीवर ब्रेकचा एक पिवळा दिवा लागायला लागला. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की विझायचा. मग चार-आठ दिवस बरे जायचे, आणि परत लागायचा.

"अहो, तो दिवा बघा पुन्हा लागलाय," बायको म्हणायची.

"सेन्सरचं काहीतरी असेल. या नव्या गाड्या म्हणजे नुसत्या कुरकुऱ्या."

"एकदा दाखवून तर घ्या."

"घेतो गं. दुकानातली गर्दी जरा ओसरू दे."

गर्दी ओसरली. गाडी दाखवायची राहून गेली. असं राहून गेलेलं काम तुमच्याकडेही असेल. आत्ता, हे वाचतानाही आठवत असेल.

चष्मेवाल्यांची थोरली बहीण टेकडीवरच्या वस्तीत राहायची. ताई तरणतलावावर पोहायला शिकवते. लहान मुलांपासून साठी ओलांडलेल्या बायकांपर्यंत सगळ्यांना तिनं पाण्यात उतरवलंय. आवाज खणखणीत, बोलणं मोजकं. त्या सकाळी तिची स्कूटर बंद पडली होती म्हणून चष्मेवाले तिला तलावावर सोडायला निघाले.

टेकडीवरून बाजारात येणारा रस्ता म्हणजे लांबच लांब उतार. एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला घरं आणि दुकानं. अशा गाडीत ब्रेक हलकासा दाबला की मोटरच उलट कामाला लागते, वीज बनवते आणि वेग कमी करते. म्हणून उतारावर चष्मेवाल्यांना कधी पायाला जोर द्यावा लागत नसे. त्या दिवशी अर्ध्या उतारावरच बॅटरी पूर्ण भरली. मोटरची मदत कमी झाली. त्यांनी ब्रेक दाबला, आणि पेडल दगडासारखं लागलं.

कर्कश भोंगा वाजायला लागला. पिवळ्या दिव्याशेजारी लाल दिवा पेटला.

"काय झालं?" ताईनं विचारलं.

"ब्रेक... ताई, ब्रेक लागत नाहीये!"

ते पेडलवर पाय आपटायला लागले. दाब, सोड, दाब, सोड. जुन्या गाडीवर शिकले होते तेव्हा ब्रेक गेला की असंच करायचं, एवढंच डोक्यात होतं. पण प्रत्येक दाबाबरोबर पेडल जास्तच कडक होत गेलं. दुकानांच्या पाट्या भराभर मागे जायला लागल्या. त्यांचा हात गाडी बंद करायच्या बटणाकडे गेला.

ताईनं तो हात धरला. "ते नको! स्टिअरिंग जड होईल. छोट्या, ऐक माझं. धडपडू नकोस. पाय उचलू नकोस. एकदाच दाब, सगळा जोर लावून, आणि दाबूनच ठेव."

पंचेचाळिशीच्या भावाला ती अजून छोट्याच म्हणायची. पाण्यात गटांगळ्या खाणाऱ्या माणसाशी ती ज्या आवाजात बोलते, तोच हा आवाज होता.

चष्मेवाल्यांनी सीटला पाठ टेकवली आणि सगळं अंग त्या पायात ओतलं. गाडी किंचित अडखळली, पण थांबायचं नाव नाही.

"गिअर 'बी'वर घे. न्यूट्रलवर अजिबात नको. बी! इंजिन ओढून धरेल."

तलावाच्या संस्थेची गाडी अशीच हायब्रीड होती. ती हातात घेण्याआधी ताईनं शिकवणाऱ्या माणसाला भंडावून सोडलं होतं, हे बंद पडलं तर काय, ते अडकलं तर काय. तेव्हा सगळे हसले होते.

त्यांनी दांडा ओढला. इंजिन गुरगुरलं, वेग थोडा उतरला. ताईनं स्वतःच हात लांब करून धोक्याचे चारही दिवे लावले. चष्मेवाल्यांचा तळवा हॉर्नवरून हलेना.

आणि तेव्हा त्यांना समोरचं दिसलं.

उताराच्या तळाशी, चौकात, चार-पाच कामगार रस्त्यावर पांढरे पट्टे मारत होते. पादचाऱ्यांसाठीचे पट्टे! हॉर्न ऐकून बाकीचे पळाले. एक मात्र पाठमोरा बसलेला, शेजारी रंग उडवणारं यंत्र घरघरत होतं, आणि त्याला काही ऐकूच येत नव्हतं.

"ताई, माणूस!"

"दिसला. डावीकडं चढाची गल्ली आहे, तिकडं घे. आता हँडब्रेकचं बटण ओढ आणि सोडू नकोस. ओढून धर!"

त्यांनी बोटानं ते छोटं बटण वर ओढलं आणि धरून ठेवलं. गाडीच्या मागच्या बाजूला काहीतरी करकरलं, गाडीनं गचका खाल्ला, पुन्हा खाल्ला. चाकं ओल्या रंगावरून घसरली. रंगाची बादली उडाली. त्या पाठमोऱ्या माणसाच्या खांद्याजवळून गाडीचा आरसा गेला, गल्लीच्या तोंडाशी चढ लागला, आणि गाडी थांबली.

कुणाला काही झालं नव्हतं.

रंगारी उठला. त्याच्या एका बाजूला, कानापासून पायापर्यंत, पांढरा रंग उडाला होता. तो खिडकीशी आला आणि ओरडला, "डोळे फुटले का तुमचे?"

चष्मेवाल्यांचं बोट अजून हँडब्रेकच्या बटणावरच होतं. रंगाऱ्यानं त्या बोटाकडे पाहिलं, मग आपल्या मागे उमटलेल्या चाकांच्या पांढऱ्या खुणांकडे पाहिलं, आणि तिथंच फूटपाथवर बसला. बराच वेळ तो डोकं धरून तसाच होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं चष्मेवाल्यांना वाटत राहिलं.

गाडी ओढून वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या इंजिनियर बाई म्हणाल्या, "ब्रेकला जोर देणारा पंप मधूनच दगा देतोय. आत्ता बघा, नीट चालतोय. पण पुन्हा कधी बंद पडेल ते सांगता येत नाही. बदलावा लागेल. पार्ट यायला वेळ लागतो. तोपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका." मग त्यांनी संगणकाकडे पाहत विचारलं, "दिवा लागत नव्हता का? इथं तर फार पूर्वीपासूनच्या नोंदी दिसतायत. तुम्ही गाडी घ्यायच्या आधीपासूनच्या."

चष्मेवाले पुढचं ऐकायला थांबले नाहीत.

घरी न जाता ते थेट वरच्या मजल्यावर गेले. बँकवाले वर्तमानपत्र वाचत बसले होते.

"तुम्हाला माहीत होतं!"

"काय माहीत होतं? बसा तरी."

"ब्रेकचा दिवा! तुमच्याकडे असतानाच लागत होता. आणि मला म्हणालात, डोळे झाकून घ्या?"

बँकवाल्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, परत घातली. "अहो, अधूनमधून लागायचा आणि विझायचा. मला कधी त्रास झाला नाही. आणि तुम्ही तरी कुठं विचारलंत?"

"मी विचारायला हवं होतं? माझी बहीण होती गाडीत! एक माणूस चिरडला असता आज!"

"ओरडू नका. दिवा तुम्हालाही दिसलाच असेल की. तुम्ही का नाही दाखवलीत?"

हा बाण वर्मी बसला. चष्मेवाले तसेच दाराकडे वळले. मग जिना उतरता उतरता ओरडले, "माणूस आहात की कोण! दुसऱ्याच्या जिवाची काही किंमत आहे की नाही!" खालच्या मजल्यावरची दारं किलकिली झाली.

त्यानंतर चष्मेवाल्यांना चैन पडेना. दुकानात गिऱ्हाईक अक्षरं वाचत असे आणि यांचा उजवा पाय खुर्चीखाली फरशी दाबत असे. बाहेर कुणी हॉर्न वाजवला की हातातली काच निसटायची. एका आजींना त्यांनी दुसऱ्याच कुणाचा चष्मा दिला. आजी म्हणाल्या, "अरे, यातून तर तू मला फारच देखणा दिसतोयस, नक्की चुकलंय काहीतरी." एरवी ते पोट धरून हसले असते. त्या दिवशी ओशाळून नुसते उभे राहिले.

पार्ट येईपर्यंत गाडी ओढून आणून इमारतीच्या अंगणात उभी केली होती. येता-जाता चष्मेवाले तिच्याकडे पाठ करूनच जिना गाठायचे.

"विकून टाका," बायको म्हणाली. "ही ब्याद दारातून गेलेली बरी. मला ती बघवत नाही."

गाड्यांचा दलाल आला. त्यानं किल्ली घेतली, अंगणात दोन फेऱ्या मारल्या, कचकन ब्रेक लावून दाखवला. "लागतोय की! दिव्याची नोंद मी गाडीच्या संगणकातून पुसून घेतो, म्हणजे तो लागणार नाही. तुम्ही फक्त काही बोलू नका."

"पण पंप..."

"साहेब, जुनी गाडी कोण सांगून विकतं? सगळे असंच करतात. घेणारा आपलं बघून घेतो."

सगळे असंच करतात! किती सोयीचं वाक्य आहे हे. कुठल्याही चुकीच्या कामावर पांघरूण घालायला पुरतं. चष्मेवाल्यांनी मान हलवली. होही नाही, नाहीही नाही. पण दलालानं ती होच धरली.

गिऱ्हाईक मिळालंही. एक फिजिओथेरपिस्ट बाई, घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या लोकांना हातपाय हलवायला शिकवणाऱ्या. कधी एखाद्या रुग्णाला त्या स्वतःच दवाखान्यात नेत-आणत. रविवारी सकाळी गाडी बघायला येणार होत्या.

शनिवारी संध्याकाळी ताई आली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तिघं चहा घेत बसली होती. चष्मेवाले बसत होते, उठत होते, खिडकीपाशी जाऊन खाली बघत होते.

"उद्या गाडी जातेय, ताई," बायको म्हणाली. "सुटलो एकदाचे."

"पंप बदलला?"

चष्मेवाले परत खिडकीकडे वळले.

"घेणाऱ्या बाईंना सांगितलंय?"

"ताई, तू यात पडू नकोस," चष्मेवाले म्हणाले. "आपण फसलो. आता आपणच का भोगायचं? दलाल म्हणतो, त्या बाई आपल्या माणसाकडून तपासून घेतील."

"तू घेतलीस तपासून?"

"मी... मी विश्वास ठेवला."

"मग त्याही ठेवतील. तुझा चेहरा तर बँकवाल्यापेक्षा भोळा आहे."

बायकोला हसू आलं, आणि लगेच गेलं.

ताईनं कप बाजूला सारला. "त्या दिवशी जिन्यात उभा राहून तू बँकवाल्याला काय म्हणालास? दुसऱ्याच्या जिवाची काही किंमत आहे की नाही, असंच ना? सगळ्या इमारतीनं ऐकलं ते. उद्या त्या बाईही तुझ्या दारात उभं राहून तुला तेच म्हणतील. म्हणायला उरल्या तर!"

"ताई!" बायकोच्या हातातला चमचा खाली पडला.

"मी वाईट बोलतेय, मला कळतंय. पण त्या दिवशी मी तुझ्या शेजारी होते, छोट्या. काय करायचं ते मला कुणीतरी आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून आपण वाचलो. त्या बाईंच्या शेजारी कोण असेल? उठता न येणारा एखादा रुग्ण. त्यांना तर पेडल कडक का झालं तेसुद्धा कळणार नाही. बँकवाल्यानं तुला नुसती गाडी नाही दिली, स्वतःची भीतीही गुपचूप तुझ्या गळ्यात मारली. तू ती पुढं ढकलतोयस. अशी ती हात बदलत बदलत कुठंतरी जाऊन कुणाचा तरी जीव घेईल, आणि तेव्हा प्रत्येक जण म्हणेल, माझ्याकडं असताना तर काही झालं नव्हतं."

"मग सगळा भुर्दंड मीच सोसू?"

"हो. नाइलाज आहे. ही गाडी ज्यांच्या नावावर झाली, त्यांत तू असा एकटाच आहेस, ज्याला खरं काय ते पुरतं माहीत आहे."

चष्मेवाले उठून खिडकीपाशी गेले. खाली अंगणात गाडी उभी होती. दलालानं ती धुऊन पुसून लखलखीत करून ठेवली होती. चाकावरचा पांढरा रंगही त्यानं घासून काढला होता. जणू तो रंगारी तिथं नव्हताच!

त्यांना तो आठवला. ओरडणारा नव्हे, डोकं धरून बसलेला. त्याच्याही घरी संध्याकाळी कुणी वाट बघत असेल. त्या दिवशी तो घरी गेला, तो ताईच्या आवाजामुळे. आणि आपण? आपण इतके दिवस त्या दिव्याकडे पाहत होतो आणि गप्प होतो. आता तर दिवाच पुसून टाकायला निघालो! बँकवाल्याला माहीत नव्हतं की पुढं काय होईल. आपल्याला तर सगळं माहीत आहे. मग मोठा गुन्हेगार कोण?

"अगं, माझा फोन कुठंय?" ते एकदम म्हणाले.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी फोन उचलला. चष्मेवाल्यांनी काही मागे ठेवलं नाही. पिवळा दिवा, उतार, कडक पेडल, रंगारी, पंप, पुसलेला दिवा. सगळं.

मग बाई कडाडल्या. "हे आत्ता सांगताय? मी दुसरी एक गाडी सोडली तुमच्यासाठी. आणि दिवा पुसला? लाज नाही वाटली?"

"वाटतेय," चष्मेवाले म्हणाले. "म्हणूनच फोन केला."

बाईंनी फोन आपटला. दलालाचा आला. तो तर असा काही बोलला की ते इथं लिहिता येणार नाही. चष्मेवाले कानाशी फोन धरून सगळं ऐकत राहिले. बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं आणि चहा पुन्हा गरम करायला ठेवला.

कुणी शाबासकी दिली नाही. खरं बोललं की टाळ्या वाजतात, असं कुणी तुम्हाला सांगितलं असेल तर त्यावर फार विसंबू नका.

पंप बदलून झाला. इंजिनियर बाईंनी चष्मेवाल्यांना शेजारी बसवून गाडी उतारावरून आणली, बी गिअर कधी वापरायचा, हँडब्रेकचं बटण चालत्या गाडीत कसं धरायचं ते रिकाम्या मैदानात करून घेतलं. मग बायकोलाही शिकवलं. गाडी विकायचा विचार मागे पडला. एके संध्याकाळी चष्मेवाले चौकात गेले. रंगारी कुठं आहे ते तिथं कुणाला माहीत नव्हतं. पट्टे मात्र मारून पूर्ण झाले होते, आणि शाळा सुटलेली मुलं त्यावरून रस्ता ओलांडत होती. शेवटचं मूल पलीकडे पोचेपर्यंत ते तिथंच थांबले.

मग एक दिवस दुकानात फोन वाजला. फिजिओथेरपिस्ट बाई होत्या.

"मी त्या दिवशी फार बोलले तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"बरोबर बोललात."

"तेवढ्यासाठी नाही केला फोन. काल दुसरी एक गाडी बघायला गेले होते. मालक म्हणाला, काही प्रॉब्लेम नाही. मी त्याला सरळ विचारलं, ब्रेकचा दिवा कधी लागला होता का? तुमच्यामुळे सुचलं ते. तो आधी हसला. मग इकडंतिकडं बघायला लागला. मग त्याची बायकोच म्हणाली, अहो, सांगून टाका ना."

"मग?"

"सांगितलं त्यानं. दुरुस्त करून मगच विकेन म्हणाला. मी घेईन की नाही, माहीत नाही. पण तुम्हाला कळवावंसं वाटलं."

चष्मेवाल्यांनी फोन ठेवला. समोर खुर्चीत एक गिऱ्हाईक डोळे तपासायला बसलं होतं. त्यानं विचारलं, "काय हो, एवढे हसताय?"

"काही नाही," चष्मेवाले म्हणाले. "एका गाडीला ब्रेक लागला."

मित्रांनो, यंत्र बिघडतं, तो त्याचा धर्मच आहे. ते बिघडण्याआधी आपल्याला सांगतही असतं. त्याचं ऐकणं हे पहिलं काम. दिवा लागला की त्याच दिवशी गाडी दाखवा. पण आपल्याला कळलेला धोका दुसऱ्यापासून लपवणं, हा बिघाड यंत्राचा नाही, माणसाचा आहे. तो कुठल्या वर्कशॉपमध्ये दुरुस्त होत नाही. गाडी असो, घर असो, विजेचं बटण असो, आपल्या हातातून वस्तू दुसऱ्याच्या हातात जाताना तिच्यातलं खरंही तिच्याबरोबर गेलं पाहिजे. कुणी विचारण्याची वाट बघू नका. न विचारता सांगा. ऐकणारा रागावेल, कदाचित निघून जाईल. जाऊ द्या. तो जिवंत घरी पोचेल, आणि उद्या त्याच्यामुळे दुसरं कुणी जिवंत घरी पोचेल.